अर्धी वडवणीत, अर्धी बीडात

आटपाट वडवणी होती, आणि तिथून यष्टीनं तासाभरावर बीड होतं. वडवणीत आश्रुबा नावाचा बागाईतदार होता आणि त्याची बायको बायनाबाई होती. बीडात चाँद मिस्त्री होता, त्याची बायको आमिनाबी होती आणि उतारवयात झालेली एक लेक होती, अफसाना. या दोन घरांत मिळून एक मोटार होती. ती मी. मी मेंढी बोलतेय.

नावावर जाऊ नका. माझ्या नाकावर एका मेंढ्याची चकचकीत मुंडी बसवलेली आहे, शिंगं वळलेली, मान पुढं काढलेली. अमेरिकेतल्या लोकांनी मोठ्या कौतुकानं बसवली असणार. आमच्याकडच्या लोकांनी ती बघितली आणि म्हणाले, ही तर मेंढी. मोटारीला बाईमाणूस समजायची आपल्याकडं रीतच आहे. मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

अमेरिकेत जन्मले ती छप्पन साली. दोनच दारं, लांब नाक, स्टिअरिंग डाव्या हाताला आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. बोटीतून मुंबईला उतरले, तिथून हैदराबादेत एका डॉक्टरकडं आले. डॉक्टर भला माणूस, पण मला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही कधी. पुढं बीडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं मला घेतलं. तो गेला आणि त्याच्या पोरांनी मला शेडात ढकललं. अंगावर सरकीची पोती रचली. मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला बाहेर ओढलं ते या दोघांनी. तेव्हा दोघं ऐन जवानीत होते. चाँद ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि आश्रुबाचा ट्रॅक्टर सारखा बिघडायचा, तशी त्यांची दोस्ती. आश्रुबा जिनिंगच्या शेडात सरकी न्यायला आला होता. पोतं उचललं तर खाली माझी मुंडी. तो पळत जाऊन चाँदला घेऊन आला.

"चाँद्या, हिला पळायला काय काय लागंल?"

चाँदनं माझं बॉनेट उचललं. एकेक वायर चाचपून बघितली. मग म्हणाला, "पळायला काय न्हाई लागत बे. हिला थांबवायलाच लागंल कायतरी."

मग त्यांनी मला नव्यानं बांधलं. बांधलं म्हणजे खरंच बांधलं. माझे सुटे भाग हिंदुस्थानात मिळत नव्हते. पिस्टनच्या रिंगा ट्रकच्या बसवल्या, घासून घासून. पाण्याच्या पंपाचं सील ट्रॅक्टरचं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला, वळणावर अंग झुकू नये म्हणून. मागचं सीट काढून टाकलं, दारांतली काच काढली, जेवढं वजन कमी करता येईल तेवढं केलं. सायलेन्सरचा पाइप साखर कारखान्याच्या भंगारातून आणला. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री एका दमात गप्प झाली.

आणि हे सगळं कशासाठी? तर घाटासाठी.

बालाघाटाच्या डोंगरात एक जुना घाटरस्ता आहे. मोठा रस्ता झाल्यापासून त्यावरून शेरडांशिवाय कुणी जात नाही. तिथं दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांची शर्यत व्हायची. खालच्या पुलापासून वरच्या माळापर्यंत एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. आश्रुबा चालवायचा, चाँद शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि सांगायचा, "आता टाक. आता काढ." चाळीस गावची माणसं कठड्यावर बसून बघायची. कधी आम्ही दुसरे आलो, कधी तिसरे. पहिले नाही आलो कधी. पण मी खोटं सांगत नाही, वर पोचल्यावर हे दोघं मिठी मारून जे हसायचे ना, ते पहिल्या नंबरवाल्यालाही जमत नव्हतं.

मग ती वाईट शर्यत आली.

त्या दिवशी बायनाबाई पूजेला आली होती. माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, मुंडीला हळदकुंकू लावलं. आता नारळ फोडायचा, तेवढ्यात झेंडीवाला ओरडला, "मेंढी कुणाची? चला, नंबर आला!" बायनाबाईनं घाईघाईत तो नारळ आश्रुबाच्या सीटाशेजारी खाली ठेवून दिला. म्हणाली, "वर पोचल्यावर फोडा."

अर्ध्या घाटापर्यंत मी अशी गेले म्हणता! त्या वर्षी पहिला नंबर आमचाच लागणार होता. मग ते उलटं वळण आलं, जिथं रस्ता गर्रकन मागंच वळतो. आश्रुबानं कचकन ब्रेक मारला. नारळ गडगडत पुढं गेला आणि ॲक्सिलेटरच्या मागं जाऊन बसला. वळण संपलं, आश्रुबानं पाय दाबला, आणि पाय अर्ध्यातच थांबला. तो दाबतोय, मी कण्हतेय, आणि चढावर मी गाभण म्हशीसारखी चाललेय. वर पोचलो तेव्हा सगळ्यांत शेवटचे. तिथं शेवटचा एक धक्का बसला आणि नारळ घरंगळत मागं गेला, सीटाच्या स्प्रिंगांत जाऊन अडकला. कुणाला दिसला नाही. कुणी बघितलंच नाही.

"चाँद्या, तुझं कार्बोरेटर उघडलंच न्हाई पुरं!"

"कार्बोरेटर उघडतंय. तू भ्यालास. पाय काढलास तू."

"मी भ्यालो? मी?"

"मंग काय माझं काम खोटं?"

शेतकऱ्याला भित्रा म्हणू नये आणि मिस्त्रीला त्याचं काम खोटं म्हणू नये. त्या दोघांनी एकमेकांना एका दमात दोन्ही म्हणून टाकलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, माझ्याच पोटात होतं. पण मोटारीला कोण विचारतं?

आता दुसरीकडं कुठं असं झालं असतं तर एकानं दुसऱ्याचा हिस्सा घेतला असता, नाहीतर मला विकून टाकली असती. पण हे पडले आमच्या भागातले. इथं रान वाटतात, विहीर वाटतात, आंब्याचं झाडसुद्धा फांद्याफांद्यांनी वाटतात. मग पंच बोलावले. तात्याबा नावाचा म्हातारा पंच, त्यानं आधी सांगितलं, "विहिरीसारखी पाळी लावा. आठ दिवस ह्याची, आठ दिवस त्याची." दोघांनीही नको म्हणून माना हलवल्या. तात्याबानं पगडी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मंग मोडून वाटा."

आणि त्यांनी मला मोडून वाटली.

इंजिन आणि गिअरबॉक्स चाँदला, कारण ते त्यानं बांधलेलं. बॉडी आणि स्टिअरिंग आश्रुबाला, कारण तो चालवायचा. चार चाकं, दोन-दोन. स्टेपनीवरून पुन्हा तंटा उभा राहिला, तेव्हा तात्याबानं ती बायनाबाईला देऊन टाकली. म्हणाला, "या सगळ्यात हीच एक तोंड मिटून बसली हाय." बायनाबाईनं ती लिंबाला टांगली आणि नातवंडांचा झोका केला.

तशी मी एकाच वेळी दोन गावांत राहायला लागले. माझा जीव कुठं होता म्हणाल, तर थोडा इकडं, थोडा तिकडं. इकडं बीडात गॅरेजच्या कोपऱ्यात एका लाकडी घोडीवर माझं इंजिन. तिकडं वडवणीत गोठ्याच्या मागं चार दगडांवर माझी बॉडी. इंजिनाच्या रिकाम्या खोलीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मला वाईट वाटलं असेल असं वाटतं तुम्हाला? पहिले दोन दिवस वाटलं. मग सवय झाली. कोंबडी बसली की उबदार वाटतं.

आणि गंमत सांगते. दोघं एकमेकांचं नाव काढत नव्हते, पण मला दोघांनीही मरू दिलं नाही. चाँद दर जुम्याला नमाज पढून आला की माझे आठही प्लग काढायचा, भोकांतून जरा जरा तेल सोडायचा आणि पुढच्या पुलीच्या बोल्टाला पान्हा लावून मला हातानं फिरवायचा. न फिरवलेलं इंजिन गंजून जाम होतं, तसं होऊ नये म्हणून. आमिनाबी म्हणायची, "कावून हातपाय मोडून घेताव? गाडी न्हाई, रस्ता न्हाई." चाँद म्हणायचा, "झोपू दे तिला. पण मरू न्हाई द्यायचं."

तिकडं आश्रुबा माझ्या खालून जुनं ऑईल फासायचा, पत्रा खाऊ नये म्हणून. चिंचेच्या कोळानं माझी मुंडी घासायचा, तांब्याचा हंडा घासतात तशी. बायनाबाई दारातून म्हणायची, "म्हशीला एवढं कधी पुसलं न्हाई तुमी."

"म्हैस काय शर्यतीला जातीया?"

"आन् ही जातीया व्हय?"

त्यावर आश्रुबा नुसता घासत राहायचा.

अशी वर्षं गेली. अफसाना तेव्हा शाळेत होती, ती मोठी झाली. चाँदनं तिला शिकवलं ते माझ्याच इंजिनावर. पोरगी व्हॉल्व्हचं अंतर मापाच्या पातीशिवाय, नुसत्या आवाजावरून ओळखायची. चाँदच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात कापायला लागला, आणि गॅरेज तिच्यावर आलं. पण गिऱ्हाईक काय करायचं? जीप घेऊन यायचं, तिचे ऑईलनं माखलेले हात बघायचं आणि म्हणायचं, "मोठे मिस्त्री कुठायत?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. मी बघते."

"न्हाई, राहू द्या. परत येतो."

परत कुणी येत नव्हतं. शेवटी चाँदनं ठरवलं, गॅरेजची जागा एका चपलावाल्याला भाड्यानं देऊन टाकायची. ज्या दिवशी चपलावाला जागा मोजायला आला, त्या दिवशी अफसाना दारात पाय रोवून उभी राहिली. मधे बंद पडलेली घाटाची शर्यत कितीक वर्षांनी पुन्हा सुरू होणार होती, ते तिला मोबाइलवर कळलं होतं.

"अब्बा, मेंढी मी जोडते. मीच चालवते. पहिल्या तिघांत आले तर गॅरेज माझं. न्हाई आले तर खुशाल चपला विका."

"अर्धी मेंढी कशी घाट चढंल? अर्धी त्याच्याकडं हाय."

"मी आणते."

"मी त्याच्या दारात पाय ठेवायचो न्हाई."

"तुमाला कोण चला म्हणालंय?"

बाजाराच्या दिवशी ती यष्टीनं वडवणीला आली. बायनाबाईनं तिला बघितलं आणि ओळखलंच नाही आधी. मग एकदम, "अगं माय! आमिनाची अफू ना तू?" म्हणून गालावरून हात फिरवून बोटं मोडली. चहा झाला, शेंगदाण्याची पोळी झाली. मग अफसानानं विषय काढला.

आश्रुबा म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, आधी म्हणावं कार्बोरेटर खोटं होतं."

"काका, ते म्हणतेत, तुमी आधी म्हणावं पाय काढला."

"मंग बसू दे."

अफसाना उठली. माझ्याजवळ आली, कोंबडी बाजूला सारून इंजिनाच्या खोलीत हात घातला. म्हणाली, "काका, पत्रा कुठंच खाल्लेला न्हाई. कसा ठिवलाव एवढा चांगला?"

बस्. म्हाताऱ्याचं तोंड कसं झालं ते मी बघितलं. तो म्हणाला, "न्यायची असंल तर ने. पर माझ्या अर्ध्याला मी असल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मला टेम्पोवर चढवली, आणि आश्रुबा पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला तयार होईना. तो माझ्या सीटवर बसला, स्टिअरिंग धरून. वडवणीच्या बाजारातून टेम्पो चाललाय, वर मी, माझ्यात आश्रुबा, आणि वळण आलं की तो स्टिअरिंग फिरवतोय. लोक टाळ्या वाजवत होते. इंजिनाच्या खोलीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला उठवायचं कुणाला जमलं नाही, तीही आमच्याबरोबर बीडला आली.

गॅरेजात चाँद माझ्या इंजिनाशेजारी स्टुलावर बसलेला. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही. दिवसभर जे काही बोलले ते अफसानाच्या तोंडून.

"अफसाना, ह्यांना म्हणावं पान्हा सरकवा."

"अब्बा, पान्हा काकांच्या हाताशेजारी हाय, आन् काका तुमच्यापासून दोन हातांवर हायेत. तुमीच मागा."

"मी कुणाशी बोलत न्हाई."

"काका, अब्बा कुणाशी बोलत न्हाईत, पर पान्हा पायजे म्हणतेत."

इंजिनाच्या बाजूचं काम चाँद सांगायचा, बॉडीच्या बाजूचं आश्रुबा. अडलं ते फाउंडेशनवर. इंजिन बॉडीला जिथं बसतं ते दोन रबर, त्याला मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. आता ते कुणाच्या हिश्श्यात? चाँद म्हणे इंजिनाचं, आश्रुबा म्हणे बॉडीचं. शेताच्या बांधावरून भांडावं तसं दोन बोटं रबरावरून भांडण. अफसानानं जुन्या ट्रकच्या टायरचं रबर कापलं, स्वतःच्या हातानं दोन नवी फाउंडेशनं बनवली आणि ठोकून बसवली. म्हणाली, "हे माझं. आता बांध कुणाचाच न्हाई."

मग तिनं पुढचं सीट काढायला घेतलं, खालचा पत्रा तपासायला. त्या दिवशी बायनाबाई भाकरी-ठेचा घेऊन आली होती, आमिनाबीनं खिचडा केला होता, सगळी तिथंच जेवत होती. सीट उचललं आणि स्प्रिंगांतून काहीतरी खाली पडलं. ठक्क.

वाळून करवंटीत सुटा झालेला नारळ होता. हलवला की आत गोटा वाजत होता. शेंडीला अजून हळदीचा डाग.

बायनाबाईचा घास हातातच राहिला. "हा माझा नारळ हाय. घाटाच्या दिवशीचा. मीच ठिवला होता ह्यांच्या पायाशी. मला वाटलं वर फोडला असंल."

अफसानानं नारळ घेतला, ॲक्सिलेटरच्या मागं धरला आणि पॅडल दाबलं. अर्ध्यात थांबलं.

माझी कोंबडी तेवढी बोलली.

चाँद म्हणाला, आणि थेट आश्रुबाला म्हणाला, "म्हंजी तू पाय काढला न्हाईस बे."

"आन् तुझं कार्बोरेटर उघडत होतं."

मग आश्रुबा म्हणाला, "पर नारळ बॉडीत सापडला. म्हंजी माझ्या हिश्श्याचा."

"पॅडल दबलं न्हाई ते माझ्या कार्बोरेटरचं. अर्धा माझा!"

त्यावर आमिनाबी आधी हसली. मग बायनाबाई. मग दोघं म्हातारे असे हसायला लागले, की चाँद स्टुलावरून खाली बसला आणि आश्रुबाला उठवता येईना, आणि आश्रुबाच्या डोळ्यांतून पाणी, आणि ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं ते मी विचारलं नाही. मला विचारता येतही नाही.

त्यानंतर कामाला असा जोर आला म्हणता! ब्रेकची लायनिंग नवी झाली. ठिणगीचे पॉइंट घासले. रेडिएटर उकळत्या पाण्यानं आणि सोड्यानं धुतला, त्यातून जिनिंगच्या काळातली सरकी निघाली. चारही चाकं एकाच अंगाला लागली तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुम्ही स्वतःला दोन गावांत वाटून घेतल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आठांतली सात सिलिंडरं बोलली, आठवं रुसलं. अफसानानं बॉनेटला कान लावला, एक प्लग बदलला. मग आठही बोलली. गल्लीतली कुत्री गप्प झाली का, ते मी बघितलं नाही. मीच रडत होते, ऑईलच्या एका थेंबानं.

शर्यतीच्या दिवशी पुलाजवळ मोठी गर्दी. पुण्या-मुंबईच्या चकचकीत गाड्या, लातूरची एक चंदेरी गाडी. त्यांत मी, तीच जुनी. नियम होता, चालवणारा एक आणि शेजारी एक. झालं. दोघं म्हातारे शेजारच्या दाराशी उभे.

"मी बसतो. इंजिन मला कळतं."

"घाट मला कळतो बे. तू बस खाली, डोळा जप."

आता पुन्हा वाटणीच होते की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात बायनाबाईनं दार उघडलं, लुगडं सावरलं आणि आत येऊन बसली.

"तू?" आश्रुबा.

"माझं माहेर वरच्या माळावरचं. लगीन होईस्तोवर शेरडं घेऊन हाच घाट चढले. तुमाला कधी विचारावंसं वाटलं न्हाई, मी काय सांगू?"

डोक्यावरच्या पदरावरून तिला हेल्मेट घातलं. पट्टा लावताना तिचा गळ्यातल्या डोरल्याशी घोळ झाला. मग झेंडी पडली.

अगं बाई! मी उठले ती उठलेच. पहिला गिअर, दुसरा, आठही सिलिंडरं एका सुरात. अफसानाचा पाय हलका आणि हात शांत. बायनाबाई एका हातानं दार धरून सांगत होती, "आता बाभळीचं वळण, उजवीकडं. लई आखूड हाय. सोड आता. आता म्हसोबाचा धोंडा, तिथून सरळ. हाण!" मी हाणलं. कठड्यावरची माणसं नुसते रंग होऊन मागं गेली. ते उलटं वळण आलं. अफसाना ब्रेकवर पाय नेणार, तेवढ्यात बायनाबाई ओरडली, "डावीकडून घे, माय! इथं डोंगरातून पाणी झिरपतं, बारा महिने!" अफसानानं मला डावीकडं घेतलं. उजवीकडचा रस्ता काळाभोर ओला चमकत होता. आमच्या पुढची एक गाडी तिथंच घसरून कठड्याला टेकून उभी होती, माणूस बाहेर, ठीकठाक, हात हलवत. आम्ही कोरड्यावरून निघालो. मग अफसानानं पाय खाली दाबला, पुरा, पार पत्र्यापर्यंत. कार्बोरेटर उघडलं, पुरं. मी आयुष्यात अशी कधी ओरडले नव्हते.

वर माळावर थांबलो तेव्हा बायनाबाईचं हेल्मेट उलटं झालेलं आणि ती हसत होती. "थांबवलंस कावून? अजून थोडं माहेर राहिलंय की!"

सगळ्या गाड्या झाल्यावर नंबर सांगितले. पहिली लातूरची चंदेरी. दुसरी पुण्याची. तिसरी मेंढी. खालून दोन म्हातारे एका मोटारसायकलवर बसून वर आले, पुढं आश्रुबा, मागं चाँद, आणि चाँद ओरडत होता, "तिसरी! तिसरी बे! गॅरेज राहिलं!" जणू आश्रुबाला ऐकूच गेलं नव्हतं.

मग त्या चंदेरी गाडीचा मालक आमच्याकडं आला. सुग्रीव नाव, मोठा माणूस, गळ्यात पहिल्या नंबरचा हार. मी उभी होते, खाली उतरायला इंजिन नुकतंच चालू केलं होतं. तो माझ्या बॉनेटपाशी थांबला, कान दिला.

"हे इंजिन कुणी जोडलं?"

चाँदनं अफसानाकडं बोट केलं. आश्रुबानंही केलं.

सुग्रीवनं तिला नीट बघितलं. म्हणाला, "माझी पहिली आली खरी, पण वर पोचेपर्यंत उकळते. मोठमोठ्यांना दाखवली. तुमच्याकडं ठेवून जाऊ का?"

अफसाना हात पुसत म्हणाली, "आधीच सांगते, आमच्याकडं नंबर लागतो."

"माझा कितवा?"

"तुमचाच पहिला."

त्यानं तिथंच किल्ली तिच्या हातात दिली. संध्याकाळी बीडच्या रस्त्यानं मी पुढं, आश्रुबाच्या हातात, आणि अफसाना चंदेरी गाडी घेऊन माझ्यामागं. माझ्यात दोन घरांची बाकी सगळी माणसं दाटीनं बसलेली. माझं मागचं सीट नाही, तरी आमिनाबी गोणपाटाचं चवाळं अंथरून तिथं बसली आणि रस्ताभर ओव्या म्हणत होती.

ती गाडी नीट होऊन लातूरला गेली आणि बोलबाला झाला. मग पुण्याची आली, मग सोलापूरची. मग बीडचेच जीपवाले, ट्रॅक्टरवाले. शेड पुरेना झाली. तेव्हा आश्रुबानं वडवणीच्या रस्त्याकडचा रानाचा तुकडा दिला आणि तिथं मोठं गॅरेज उभं राहिलं. आता रोज सकाळी चाँद आणि आमिनाबी बीडहून येतात. आश्रुबा लिंबाखाली बाज टाकून बसतो. मी कुणाच्या दारात राहायचं हा प्रश्नच राहिला नाही, कारण दारच एक झालं. अफसानाच्या हाताखाली आता दोन पोरी शिकतात, गावातल्याच. तिथं येणारी गिऱ्हाइकं गाडीचं नाव सांगतात आणि नंबराला बसतात.

मी लिंबाच्या सावलीत उभी असते. म्हातारी झालेय, पण एकसंध आहे. दर जुम्याला कुणीतरी मला हातानं फिरवतं, कधी चाँद, कधी आश्रुबा, कधी बायनाबाईसुद्धा. तुमच्या घरी, गोठ्यात, शेडात माझ्यासारखी कुणी पडून असेल, तर तिला भंगारात घालू नका. आठवड्यातून एकदा हातानं फिरवा. झोपू द्या, पण मरू देऊ नका.

चाँद-आश्रुबाच्या दोन घरांचं एक घर झालं, अफसानाच्या दारात गाड्यांची रांग लागली, दोन चुलींची माणसं एका ताटात जेवायला लागली. त्यांना जसे हे दिवस आले, तसे ऐकणाऱ्यालाही येवोत, वाचणाऱ्यालाही येवोत. मेंढीची कहाणी इथं घाट चढून माळावर पोचली.